विमानप्रवासातील किरणोत्सर्गाचा हिशेब कसा ठेवावा आणि छापून आलेला आकडा कसा तपासावा

माझी भाची एका विमान कंपनीत केबिन क्रूमध्ये आहे. एका रविवारी ती विलेपार्ल्याला आमच्याकडे आली, तेव्हा तिच्याकडे दोन गोष्टी होत्या. एक म्हणजे ऑनलाइन मागवलेले, मुठीत मावणारे, किरणोत्सर्ग मोजणारे गायगर यंत्र आणि दुसरी म्हणजे मोबाइलवर आलेला एक फॉरवर्ड. लांबच्या एका उड्डाणात छातीचे शंभर एक्स-रे काढल्याइतका किरणोत्सर्ग अंगावर येतो, असा त्या फॉरवर्डचा दावा होता. यंत्र मात्र मुंबई–दिल्ली उड्डाणात तासाला एक मायक्रोसिव्हर्टच्या थोडे वरचा आकडा दाखवत होते. (सिव्हर्ट हे किरणोत्सर्गाच्या मात्रेचे एकक; हजार मायक्रोसिव्हर्ट म्हणजे एक मिलिसिव्हर्ट.) "मामा, यातलं खरं कुठलं?" असे तिने विचारले. मी आयुष्यभर विज्ञानाच्या ग्रंथालयात काम केले आहे, त्यामुळे उत्तर देण्याआधी तो आकडा कोणी, कधी आणि कशाने मोजला हे शोधण्याची मला सवय आहे. शोधल्यावर दोन्ही आकडे कुचकामी निघाले, आणि त्यांचे दोष वेगवेगळे होते. भाचीसाठी तेव्हा जी पद्धत बसवली, ती वारंवार उडणाऱ्या कोणालाही वापरता यावी म्हणून येथे मांडत आहे.

प्रथम काय मोजायचे आहे ते नीट समजून घ्यावे. विमानातला किरणोत्सर्ग विमानातून येत नाही आणि विमानतळावरूनही येत नाही. तो अंतराळातून येतो. ऑस्ट्रियाचे व्हिक्टर हेस १९१२ मध्ये बलूनमधून पाच हजार मीटरच्या वर गेले आणि उंचीबरोबर किरणोत्सर्ग वाढत जातो हे त्यांनी दाखवले. या शोधासाठी त्यांना १९३६ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. अतिशय वेगवान कण, मुख्यतः प्रोटॉन, वातावरणावर आदळतात आणि त्यातून नव्या कणांचा पाऊस पडतो. या पावसातील इलेक्ट्रॉन आणि गॅमा किरणांची साखळी कशी वाढते याचा सिद्धान्त होमी भाभा आणि वॉल्टर हाइटलर यांनी १९३७ मध्ये मांडला. पुढे भाभांनी १९४५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था उभी केली, तेव्हा तिच्या सुरुवातीच्या प्रमुख विषयांत वैश्विक किरण होते. म्हणजे मुंबईकराला हा विषय परका वाटण्याचे कारण नाही.

जमिनीवर आपल्या डोक्यावर हवेचा जाड थर असतो. १०–१२ किलोमीटर उंचीवर, म्हणजे ३३ ते ३९ हजार फुटांवर, त्यातला बहुतेक थर खाली राहिलेला असतो, आणि साधारण दर दोन किलोमीटरला मात्रा दुपटीच्या जवळ जाते. म्हणून ३३ हजार फुटांवरून गेलेले आणि ३९ हजार फुटांवरून गेलेले अशी दोन उड्डाणे एकाच मार्गाची असली तरी हिशेबात एक धरता येत नाहीत.

दुसरी गोष्ट पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची, आणि ती मुंबईकरांच्या पथ्यावर पडणारी आहे. हे क्षेत्र कमी ऊर्जेच्या कणांना परतवून लावते. विषुववृत्ताजवळ ही ढाल सर्वांत भक्कम असते, तर ध्रुवांकडे जवळजवळ उघडी असते. आत शिरण्यासाठी कणाला जी किमान पातळी ओलांडावी लागते, ती भारताच्या परिसरात सुमारे १६–१७ गिगाव्होल्ट आहे, म्हणजे जगातील सर्वाधिक मूल्यांपैकी. ध्रुवप्रदेशात तीच पातळी शून्याच्या जवळ असते. याचा व्यवहारातला अर्थ असा की आपल्याकडच्या आकाशात नेहमीच्या उंचीवर तासाला साधारण २ ते ३ मायक्रोसिव्हर्ट मात्रा मिळते, तर उत्तर अटलांटिकवरून किंवा कॅनडावरून जाताना ती ५ ते ७ पर्यंत जाते. साठाव्या भूचुंबकीय अक्षांशाच्या पुढे मात्र ही वाढ जवळपास थांबते, कारण तेथे चुंबकीय ढाल उरलेलीच नसते आणि जे काही अडते ते केवळ हवेमुळे.

तिसरा घटक सूर्य. सूर्य खवळलेला असतो तेव्हा आकाशगंगेतून येणारे कण त्याच्या चुंबकीय वाऱ्यामुळे थोपवले जातात आणि विमानातली मात्रा घटते. सूर्य शांत असतो तेव्हा ती वाढते. हे चक्र सुमारे ११ वर्षांचे आहे. २००९ आणि २०१९ च्या आसपास सूर्य शांत होता, तर २०१४ आणि २०२४ च्या सुमारास तो जोरात होता. हे उलटे नाते बहुतेकांच्या लक्षात राहत नाही. पुढे छापील आकडे तपासताना त्याचीच सर्वांत जास्त गरज पडते.

वही कशी ठेवावी

प्रत्येक उड्डाणासाठी एक ओळ ठेवावी. तीत तारीख, निघण्याचे आणि उतरण्याचे विमानतळ, प्रत्यक्ष हवेत असलेला वेळ आणि स्थिर उंची किंवा उंच्या, एवढे पुरते. हवेतला वेळ म्हणजे तिकिटावरचा वेळ नव्हे, हे विशेषतः मुंबईत लक्षात ठेवावे. येथल्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते आणि रांगेत उभे राहण्यात वेळ जातो. जमिनीवर थांबलेला तो वेळ हिशेबात शून्य धरावा. उतरण्याआधी खालच्या उंचीवर घातलेल्या घिरट्यांतूनही फारशी मात्रा मिळत नाही. मुंबई–दिल्लीसारख्या छोट्या उड्डाणात चढण्या-उतरण्यातच बराच वेळ जातो, म्हणून अशा फेरीची एकूण मात्रा ३ मायक्रोसिव्हर्टच्या आसपास भरते. 'दोन तास गुणिले तीन' असा हिशेब केला तर ती दुप्पट दिसते.

उंची मिळवणे अवघड नाही. समोरच्या पडद्यावर नकाशा असेल तर दर तासाला ती टिपून ठेवावी. पडदा नसेल तर उतरल्यावर लगेच विमाने दाखवणाऱ्या एखाद्या ॲपवर त्या उड्डाणाचा आलेख पाहून आकडे उतरवून घ्यावेत, कारण जुन्या नोंदी विनामूल्य फार दिवस दिसत नाहीत. लांबच्या उड्डाणात विमान सुरुवातीला इंधनाने जड असते, म्हणून खालून जाते आणि इंधन जळत जाईल तसे टप्प्याटप्प्याने वर चढते. या प्रत्येक टप्प्याची उंची आणि त्यावर घालवलेली मिनिटे वेगवेगळी लिहावीत.

मग हे आकडे गणकात भरावेत. अमेरिकेच्या नागरी विमान वाहतूक प्रशासनाने तयार केलेली 'कारी' ही आज्ञावली यासाठी सर्वांत सोयीची आहे. फ्रान्सचा 'सिव्हर्ट', जर्मनीचा 'एपकार्ड' आणि ऑस्ट्रियाचा 'अविडॉस' हेही याच कामाचे गणक आहेत. कारीला महिना, वर्ष, दोन्ही विमानतळांचे चार अक्षरी संकेत, चढायला आणि उतरायला लागलेली मिनिटे आणि उंचीचे टप्पे द्यावे लागतात. त्या महिन्यातली सूर्याची स्थिती ती आपल्या सारणीतून घेते. मुंबईचा चार अक्षरी संकेत 'व्हीएबीबी' असा आहे. तिकिटावरचा तीन अक्षरी 'बीओएम' येथे चालत नाही, आणि पहिल्या दिवशी बहुतेक जण येथेच अडतात.

येथे एक सावधगिरी बाळगावी लागते. साध्या आवृत्तीत गणक दोन शहरांमधला सर्वांत जवळचा गोलाकार मार्ग गृहीत धरतो, आणि विमाने नेहमी त्या मार्गाने जात नाहीत. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने आपले हवाई क्षेत्र भारतीय विमान कंपन्यांसाठी बंद केले, तेव्हा पश्चिमेकडे जाणारी उड्डाणे वळसा घालून जाऊ लागली. दक्षिणेकडून वळसा घेतला की वेळ वाढतो, पण तेवढा वेळ कमी अक्षांशावर जातो, म्हणून मात्रा वेळेच्या प्रमाणात वाढत नाही. मार्गातले बिंदू स्वतः भरण्याची सोय असलेली आवृत्ती मिळाली तर ती वापरावी. नाहीतर मार्ग दोन तुकड्यांत मोडून, मधल्या एखाद्या शहराचा संकेत देऊन बेरीज करावी. या दुसऱ्या पद्धतीत गणकाला मधे विमान उतरल्यासारखे वाटते, त्यामुळे तेथे चढ-उताराची मिनिटे शक्य तितकी कमी भरावीत.

ढोबळ अंदाज हवा असेल तर मुंबईहून दुबईच्या एका एकेरी फेरीला ६–७ मायक्रोसिव्हर्ट, सिंगापूरला १०–१३, लंडनला ३०–३५ आणि न्यूयॉर्कजवळच्या नेवार्कला ७०–८५ असे धरायला हरकत नाही. हे आकडे मी वर दिलेल्या तासाच्या दरांवरून काढलेले आहेत. गणकाचे उत्तर आल्यावर ते यापासून फार दूर गेले, तर बहुधा कोठेतरी उंची फुटांऐवजी मीटरमध्ये पडलेली असते.

मुठीतल्या यंत्राचे काय करायचे

भाचीचे यंत्र बिघडलेले नव्हते. त्याचे काम वेगळे होते, एवढेच. साधी गायगर नळी गॅमा किरण आणि विद्युतभारित कण मोजते, पण न्यूट्रॉन तिला जवळजवळ दिसतच नाहीत. विमानाच्या उंचीवर एकूण मात्रेचा साधारण निम्मा भाग न्यूट्रॉनांमुळे असतो. शिवाय अशी यंत्रे बहुधा सीझियमच्या गॅमा किरणांवर बेतलेली असतात, आणि वरच्या कणांची ऊर्जा त्याहून कितीतरी जास्त असते. त्यामुळे यंत्रावरचा आकडा खऱ्या मात्रेपेक्षा कमी येतो. विक्रेत्याने पेटीवर 'विमानप्रवासासाठी उपयुक्त' असे छापले होते. त्या ओळीबद्दल मी त्याला मेल लिहिला, पण उत्तर आले नाही.

विमानात मोजणाऱ्या संशोधक संघांकडे यासाठी वेगळी साधने असतात. ऊतींसारख्या वायूने भरलेले समानुपाती गणनयंत्र, सिलिकॉनची यंत्रे, न्यूट्रॉनचे ओरखडे नोंदवणाऱ्या प्लास्टिकच्या चकत्या ही त्यांतली काही. एखादा प्रवासी हे करू शकत नाही आणि त्याला त्याची गरजही नाही. आपल्या यंत्राचा एकच उपयोग मला पटतो, तो म्हणजे चढताना आणि उतरताना आकडा कसा बदलतो हे डोळ्यांनी पाहणे. त्यासाठी ते न्यायचे असेल तर सुरक्षातपासणीत पिशवी एक्स-रे यंत्रातून जाते आणि यंत्राने बेरीज ठेवली असेल तर तीत तो एक्स-रेही मिळवला जातो, हे ध्यानात असू द्यावे. म्हणून तपासणी झाल्यावर बेरीज शून्यावर आणावी. आपण स्वतः ज्या चौकटीतून जातो ती धातू शोधते, आणि शरीर तपासणारे मिलिमीटर लहरींचे यंत्र असले तरी त्यात आयनकारी, म्हणजे येथे मोजतो त्या प्रकारचे, किरण नसतात. त्यामुळे वहीत विमानतळासाठी वेगळी ओळ लागत नाही.

छापील आकड्याचा माग

आता फॉरवर्डकडे वळतो. मला या भागात जास्त रस आहे, हे मान्य करतो.

कोणताही आकडा हाती आला की प्रथम एकच प्रश्न विचारावा: हा कोणी मोजला आणि कोणी फक्त पुढे पाठवला? बातमीतून लेखाकडे, लेखातून त्याने दिलेल्या संदर्भाकडे आणि तेथून त्याच्याही संदर्भाकडे असे मागे जात राहावे, जोवर यंत्राचे नाव, मार्ग, उंची आणि महिना लिहिलेला मजकूर सापडत नाही. त्या मजकुराला मूळ धरावे. वाटेतले बाकी सगळे निरोपे असतात, आणि निरोप सांगताना तपशील गळतात. सर्वांत आधी गळतो तो महिना. सूर्य शांत असतानाचे मोजमाप जास्त येते, जोरात असतानाचे कमी. समीक्षालेखात ही दोन्ही मोजमापे 'तासाला इतके ते इतके' अशा एका ओळीत येऊन बसतात आणि त्यांचे वर्ष कोणी लिहीत नाही. दुसरा गळणारा तपशील राशीचा, म्हणजे नेमके काय मोजले याचा. संपूर्ण शरीरासाठी हिशेबाने काढलेली 'परिणामी मात्रा' आणि यंत्राने मोजलेली 'परिसर सममात्रा' या दोन वेगळ्या राशी आहेत. दोन्हींचे एकक सिव्हर्टच असते, त्यामुळे निष्काळजी लेखक त्या एकाच रकान्यात भरतो.

छातीच्या एक्स-रेची तुलना हे याचे अगदी घरगुती उदाहरण आहे. कोठे एका एक्स-रेची मात्रा ०.०२ मिलिसिव्हर्ट दिसते, तर कोठे ०.१. मागे जाऊन पाहिले की कळते, पहिला आकडा फक्त पाठीमागून घेतलेल्या एका चित्राचा आहे आणि दुसरा पाठीमागून व बाजूने अशा दोन चित्रांचा. नेवार्कची एक फेरी, म्हणजे सुमारे ०.०८ मिलिसिव्हर्ट, पहिल्या हिशेबाने चार एक्स-रे होते आणि दुसऱ्या हिशेबाने एकही पुरता होत नाही. शंभर मात्र कोणत्याच हिशेबाने होत नाहीत. फॉरवर्डमधले शंभर कोठून आले याचा माग मी काढला, पण तो दोन पायऱ्यांतच संपला, कारण दुसऱ्या पायरीवर संदर्भच दिलेला नव्हता. असा आकडा खोटा ठरवत बसू नये, फक्त वहीत घेऊ नये.

मागे जाऊन झाले की पुढे यावे. गूगल स्कॉलर, स्कोपस, वेब ऑफ सायन्स किंवा विनामूल्य असलेला ओपनॲलेक्स या शोधनिबंधांच्या संदर्भसूचींपैकी कोणतीही उघडून मूळ निबंध कोणी कोणी उद्धृत केला आहे ते पाहावे. ही कल्पना युजीन गारफील्ड यांनी १९५५ मध्ये मांडली आणि १९६४ पासून त्यांची संदर्भसूची छापली जाऊ लागली. उद्धरणांची नुसती संख्या मोजून काही कळत नाही, कारण चूक दाखवण्यासाठी दिलेला संदर्भही एकच मोजला जातो. एका कोऱ्या कागदावर प्रत्येक निबंधासाठी एक वर्तुळ काढावे आणि ज्याने ज्याचा आकडा घेतला त्याच्याकडे बाण काढावा. दहा वर्तुळांचे बाण फिरून एकाच वर्तुळाकडे आले, तर पुरावा एकच आहे, दहा नाहीत. दोन वेगळ्या संघांनी वेगळ्या यंत्रांनी मोजून जवळजवळ तेच उत्तर काढले असेल, तर त्या आकड्यावर भार टाकावा. वर सांगितलेल्या गणकांवर मी याच कारणाने विसंबतो. युरोपातील किरणोत्सर्गमापन गटाने, म्हणजे युराडॉसने, वेगवेगळ्या संघांची अनेक उड्डाणांतली मोजमापे २००४ मध्ये एकत्र केली. पुढे २०१२ मध्ये निरनिराळ्या गणकांची आपसात तुलना केली, आणि त्यांची उत्तरे साधारण २० टक्क्यांच्या आत जुळली.

स्वतंत्र संघ कोणते हे ठरवायला लेखकांची नावे पाहावी लागतात, आणि येथे मराठी माणसाला एक जुना त्रास भेटतो. 'कुलकर्णी एस.' या नावाखाली भौतिकी, दंतवैद्यक आणि सोयाबीन असे सगळे एकत्र येते. उलट एकच व्यक्ती कधी वडिलांच्या नावासह, कधी त्याशिवाय, तर कधी लग्नानंतरच्या आडनावाने दिसते. ऑर्किड क्रमांक, म्हणजे प्रत्येक संशोधकाचा स्वतंत्र ओळख क्रमांक, असेल तर तो घ्यावा. नसेल तर संस्थेचे नाव, सहलेखक आणि विषय ही तिन्ही जुळल्याशिवाय दोन नावांना एक धरू नये. लेखकांच्या क्रमाचा अर्थही शाखेनुसार बदलतो. वैद्यकात पहिल्या नावाने प्रत्यक्ष काम केलेले असते आणि शेवटचे नाव प्रमुखाचे असते, तर कणभौतिकीच्या मोठ्या गटांत नावे वर्णानुक्रमे लावलेली असतात. तेथे पहिले नाव हे केवळ आडनावाच्या आद्याक्षराचे भाग्य असते.

मागोवा घेताना निबंधाने नेमके काय मोजले आणि त्याच्या नावावर काय खपवले जाते, यातला फरकही दिसतो. हार्वर्डच्या संशोधकांनी २०१८ मध्ये अमेरिकेतील ५,३६६ केबिन क्रूच्या आरोग्याची पाहणी प्रसिद्ध केली. तीत स्तनांच्या कर्करोगाचे प्रमाण स्त्रियांत ३.४ टक्के आढळले, तर तुलनेच्या सर्वसाधारण गटात ते २.३ टक्के होते. हा निबंध 'विमानातल्या किरणांमुळे कर्करोग' याचा पुरावा म्हणून सर्रास दिला जातो. निबंध उघडून पाहिला तर त्यात किरणोत्सर्गाची मात्रा मोजलेलीच नाही. आजारांची माहिती सहभागींनी स्वतः सांगितलेली आहे आणि नोकरीची वर्षे हाच निकष आहे. त्या वर्षांत रात्रपाळ्या, बिघडलेली झोप आणि पूर्वीच्या काळी केबिनमध्ये भरून राहणारा सिगारेटचा धूरही येतो. पाहणी महत्त्वाची आहे, भाचीलाही मी ती वाचायला दिली. पण मात्रेसंबंधीच्या वाक्याखाली तिचा संदर्भ दिसला की तो लेख मी बाजूला ठेवतो.

वर्षाची बेरीज कशाशी ताडावी

सामान्य माणसाला निसर्गातून वर्षाला मिळणारी मात्रा जगाच्या सरासरीने २.४ मिलिसिव्हर्ट आहे. किरणोत्सर्गाशी संबंधित काम करणाऱ्यांसाठी आंतरराष्ट्रीय किरणोत्सर्ग संरक्षण आयोगाने पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्टची मर्यादा सुचवली आहे, तर सर्वसाधारण जनतेसाठी १ मिलिसिव्हर्टची. आपल्या अणुशक्तीनगरातील अणुऊर्जा नियामक मंडळाने कामगारांसाठी सरासरी २० हीच ठेवली आहे, पण कोणत्याही एका वर्षात ३० च्या वर जाऊ दिलेले नाही, जेथे आयोग ५० पर्यंत मुभा देतो. विमानातल्या कर्मचाऱ्यांची मात्रा ही कामामुळे मिळालेली धरावी, ही शिफारस आयोगाने १९९० च्या दशकाच्या आरंभी केली. युरोपीय संघाने १९९६ च्या निर्देशातून, वर्षाला १ मिलिसिव्हर्ट ओलांडू शकणाऱ्या क्रूच्या मात्रेचे मूल्यमापन कंपन्यांवर सोपवले.

वर्षाला ८०० तास फक्त देशांतर्गत उडणाऱ्या व्यक्तीची बेरीज, चढ-उताराचे तास धरून सरासरी दीड मायक्रोसिव्हर्टच्या दराने, १.२ मिलिसिव्हर्टच्या जवळ येते. तेच ८०० तास उत्तर अटलांटिकच्या मार्गांवर गेले, तर ४ मिलिसिव्हर्ट होतात. वर्षातून दोनदा मुलाकडे न्यू जर्सीला जाऊन येणाऱ्या आजी-आजोबांची बेरीज याच हिशेबाने सुमारे ०.३ मिलिसिव्हर्ट भरते. त्यांनी वही ठेवण्याची गरज नाही, पायांतले रक्त साकळू नये म्हणून मधूनमधून उठून चालावे.

गरोदरपणाचा नियम वेगळा आहे. नोकरीत असलेल्या स्त्रीने गरोदर असल्याचे कळवल्यापासून पुढच्या संपूर्ण काळात गर्भाची जादा मात्रा १ मिलिसिव्हर्टच्या आत राहावी, अशी आयोगाची शिफारस आहे. नेवार्कच्या बारा-तेरा एकेरी फेऱ्यांत तेवढी भरते. म्हणून अशा वेळी वही महिन्याच्या शेवटी न लिहिता प्रत्येक उड्डाणानंतर लगेच लिहावी आणि कळवण्याच्या तारखेपासून नवे पान सुरू करावे, कारण ही बेरीज जुन्या बेरजेत मिसळायची नसते.

सौरवादळांबद्दल विचारणा होते, तेव्हा मार्ग कोणता हे मी आधी विचारतो. सूर्यावरच्या एखाद्या मोठ्या स्फोटानंतर थोड्या तासांसाठी ध्रुवाजवळच्या मार्गांवरची मात्रा बरीच वाढू शकते. २३ फेब्रुवारी १९५६ ची घटना आजवर नोंदलेल्यांत सर्वांत मोठी आहे. नोव्हेंबर २०१९ पासून आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या व्यवस्थेतून वैमानिकांना अशा वेळी सूचना मिळतात. मुंबई–कोची किंवा मुंबई–सिंगापूर उड्डाणांवर चुंबकीय ढालीमुळे त्याचा फारसा परिणाम होत नाही. न्यूयॉर्कच्या उड्डाणात असताना अशी घटना घडली, तर ती तारीख वहीत लाल शाईने लिहावी, कारण नेहमीच्या गणकात फक्त आकाशगंगेतून येणारे किरण धरलेले असतात आणि त्या दिवसाचे उत्तर कमी येईल.

भाचीच्या वहीत एप्रिल ते मार्च या वर्षाची बेरीज १.३४ मिलिसिव्हर्ट आली. तिने ती तशीच कंपनीच्या वैद्यकीय विभागाला पाठवायला काढली होती. मी तिला शेवटचे चार खोडून 'सुमारे १.३, अधिक-उणे २० टक्के' असे लिहायला लावले आणि खाली गणकाचे नाव, आवृत्ती आणि हिशेब केल्याची तारीख नोंदवायला सांगितले. त्याची एक प्रत तिने स्वतःकडे ठेवली आहे, कारण नोकरी बदलली तरी पाच वर्षांची सरासरी तिलाच दाखवावी लागेल.